जुनी गाडी आणि जास्त इथेनॉलचं पेट्रोल: या चुका टाळा

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की जुन्या गाडीवाल्यांमध्ये दोन गट पडतात, एक म्हणतो इंजिनची वाट लागणार आणि दुसरा म्हणतो काही होत नाही, माझी मस्त पळतेय. दोघंही दोन वेगळे प्रश्न एकत्र करतायत. पहिला प्रश्न, टाकीपासून कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंतचं रबर, प्लास्टिक आणि धातू याला टिकणार का. दुसरा, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण बरोबर पडणार का. दुसऱ्याचं उत्तर त्याच दिवशी मिळतं, पहिल्याचं कळायला महिने जातात, त्यामुळे टाकी फुल करून फिरून आलो आणि काही झालं नाही यावरून अर्धाच निकाल लागतो.

तसंच ब्राझीलमध्ये २७ टक्के इथेनॉल वर्षानुवर्षं चाललं मग आपल्याला काय धाड भरलीय, हे पण ऐकू येतं. तिथल्या गाड्या मुळात त्यासाठी बनवलेल्या असतात. ब्रिटनमध्ये २०२१ ला साधं पेट्रोल १० टक्क्यांवर गेलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्केवालं सुपर ग्रेडमध्ये चालू ठेवलं होतं, कारण फरक पडतो हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल आणि टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा, ई५, ई१० की ई२० (म्हणजे ५, १० की २० टक्के इथेनॉल) काय लिहिलंय ते.

इंजिनपासून सुरुवात करू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गाडी मिसिंग करते, चढावर दम तोडते, की लगेच प्लग बदल, कॉइल बदल, टॅपेट सेट कर. अरे थांबा, आधी फिल्टर बघा. इथेनॉल जुनी घाण सोडवण्यात पटाईत आहे, टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर आणि गंज ते सुटा करतं आणि तो सगळा पुढे येऊन फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून पेट्रोल बदलल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांमध्ये गाडी गुदमरली तर फिल्टर बदला आणि काही दिवसांनी परत बघा, घाण एका दमात निघत नाही. टाकीच्या कॉकवर (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) आतून बारीक जाळी असते, ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फिल्टर परत परत भरत असेल तर टाकी उतरवून साफ करणं आलंच.

टाकीला आतून कोटिंग केलेलं असेल तर ते कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा, काही जुनी कोटिंग इथेनॉलने मऊ होऊन पापुद्रे सुटतात. फायबरग्लासची टाकी असेल तर धोका अजून जास्त, तिथे टाकीचं रेझिनच विरघळून इंजिनमध्ये जाऊ शकतं, त्यामुळे अशा टाकीत जास्त इथेनॉलचं पेट्रोल घालूच नका.

दिसते तेवढीच नळी बदलणं

पेट्रोलची नळी क्लिपजवळ बोटांनी दाबून बघा. चांगली नळी दाबली की परत जागेवर येते. खराब झालेली एकतर लिबलिबीत लागते आणि बोटाला काळं लागतं, नाहीतर कडक होऊन वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, आणि त्या भेगा नेमक्या वळणावर आणि क्लिपखाली असतात जिथे वरवर बघून काही कळत नाही. नवी घेताना तिच्यावर काय छापलंय ते वाचा, एसएई जे३० आर९ असेल तर उत्तम, त्याला आतून व्हिटॉनसारख्या फ्लुओरो रबरचा थर असतो.

पण नळी बदलून काम संपत नाही. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) सुईचं रबरी टोक, बाऊलचं (पेट्रोल साठतं ती वाटी) गॅस्केट, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, कॉकच्या ओ रिंग, जुन्या गाडीत पेट्रोल पंपाचा डायफ्राम, हे सगळं तेच पेट्रोल पीत असतं. कॉर्कचा फ्लोट किंवा गॅस्केट असेल तर तेही. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय, गाडी उभी केल्यावर पेट्रोलचा वास येतोय, तर सुई आणि फ्लोट बघा. आणि इंजिन ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर गाडी चालूच करू नका, पेट्रोल खाली ऑईलमध्ये उतरलंय, आधी गळती बंद करा, ऑईल बदला, मगच स्टार्ट.

मिश्रणाचा घोळ

साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं असतं, त्याला काय माहीत आत काय आलंय, त्यामुळे इथेनॉल वाढलं की मिश्रण पातळ पडतं, म्हणजे लीन, हवा जास्त आणि इंधन कमी. लक्षणं ठरलेली आहेत, सकाळी चोक जास्त वेळ लागतो, रेस दिल्या दिल्या गाडी अडखळते, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट होतं, प्लग काढला तर पांढरट. मोठा जेट हा यावरचा उपाय आहे पण तो लगेच टाकायची घाई नको. इनटेकच्या रबराला चीर पडून हवा आत घुसत असेल तरी अगदी हीच लक्षणं येतात, ते आधी तपासा. ते ठीक असेल तर जेट एकच साइज मोठा, आणि परत प्लगचा रंग बघून पुढचं ठरवा.

फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे बऱ्यापैकी स्वतः सांभाळून घेते, पण थंड स्टार्टला आणि फुल रेसला ती सेन्सरचं ऐकत नसते, आणि सांभाळायलाही मर्यादा आहे, चेक इंजिन लाइट लागून लीनचा कोड आला तर तो नुसता खोडून सोडून देऊ नका.

टू स्ट्रोकवाल्यांनी जास्त जपा. तिथे लीन म्हणजे इंजिन जास्त तापणार, पिस्टन जाम व्हायची भीती. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून घालत असाल आणि त्यात पाणी शिरून थर वेगळे झाले तर खालच्या थरात ऑईल जवळजवळ नसतंच आणि कॉक तोच थर आधी इंजिनला पाजतो.

ॲव्हरेजचं पण बोलतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे साध्या पेट्रोलच्या तुलनेत ई१० ला तीनेक टक्के आणि ई२० ला सहा-सात टक्के कमी ऊर्जा मिळते. तुमचं ॲव्हरेज २० टक्क्यांनी पडलं असेल तर सगळं बिल इथेनॉलच्या नावावर फाडू नका, गळती, अडकलेला चोक, घासणारा ब्रेक, हवा कमी असलेले टायर, काहीतरी दुसरं नक्की आहे. आणि इथेनॉलमुळे ऑक्टेन (नॉकिंग न होता दाब सहन करायची पेट्रोलची ताकद) वाढलं म्हणून जुन्या इंजिनचा पिकअप आपोआप वाढत नाही, कॉम्प्रेशन आणि टायमिंग त्या हिशोबाने असेल तरच त्याचा फायदा.

पाणी आणि उभी गाडी

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. ई२० जरा जास्त पाणी धरून ठेवतं. संशय आला तर टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून शांत ठेवा, खाली वेगळी रेघ दिसली की सगळी टाकी रिकामी करायची. बाजारातलं कुठलंही ॲडिटिव्ह ओतून ते वाचत नाही. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घालायचं असतं, बिघडल्यावर नाही.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर लोखंडी टाकी वरपर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहील, कॉक बंद करा आणि बाऊलमधलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर बाऊलच्या ड्रेन स्क्रूने काढून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत मात्र टाकी कोरडी पडू देऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलवरच थंड राहतो आणि कोरडा फिरला की जळतो, तिथे टाकी भरलेली ठेवून पंधरवड्यातून एकदा गाडी नीट गरम होईपर्यंत चालवून आणा.