खाऱ्या पाण्यातल्या वायूची विद्राव्यता काढताना या चुका टाळा

कार्बन डायऑक्साइड मिठाच्या पाण्यात किती विरघळेल, याचं उत्तर चुकलं की खापर मॉडेलवर फुटतं. घोळ मात्र बहुतेकदा एककांत किंवा लॉगच्या पायात असतो.

म्हणून आधी मीठ शून्य ठेवा. 25 अंश सेल्सिअसला, वायूचा आंशिक दाब 1 बार असताना, किलोभर शुद्ध पाण्यात सुमारे 0.034 मोल विरघळतात. एवढं जुळत नसेल तर हेन्रीचा स्थिरांक (वायूचा दाब आणि विद्राव्यता यांचं गुणोत्तर) उलटा घेतलाय का ते बघा. काही कोष्टकं दाब भागिले मोल-अंश देतात, काही मोलॅलिटी (किलोभर पाण्यातले मोल) भागिले दाब.

मग 1 मोलॅल सोडियम क्लोराइड घाला, म्हणजे किलोभर पाण्यात 58.44 ग्रॅम. सेचेनॉव्ह स्थिरांक (मिठाने विद्राव्यता किती घटते ते दशमान लॉगमध्ये सांगणारा आकडा) इथे साधारण 0.10 आहे, तेव्हा विद्राव्यता शुद्ध पाण्याच्या 0.79 पट यायला हवी. 0.90 आली? मग दशमान लॉगच्या जागी नैसर्गिक लॉग वापरला गेलाय. सौम्य द्रावणात ही चूक लपून राहते. 4 मोलॅलला मात्र 0.40 ऐवजी 0.67 येतं, आणि तोवर आलेख काढूनही झालेला असतो!

मोलॅलिटी आणि मोलॅरिटी (लिटरभर द्रावणातले मोल) यांची गल्लत याच घरातली. 4 मोलॅल द्रावण 25 अंशांना जेमतेम 3.7 मोलर असतं. मिठाचा परिणाम आयनागणिक काढणाऱ्या वायसेनबर्गर-शुम्पे पद्धतीतले (1996) आयनांचे गुणांक लिटरमागच्या मोलांसाठी आहेत, त्यात मोलॅलिटी भरू नका. क्षारता वजनी टक्क्यांत दिली असेल तर टक्के द्रावणाचे आहेत की पाण्याचे, हेही तपासा. 4 मोलॅल म्हणजे द्रावणाच्या वजनाच्या सुमारे 19 टक्के.

दाब वाढला की वायू आदर्श धरणं महागात पडतं. 50 अंश आणि 100 बारला हेन्रीचा स्थिरांक (किलोभर पाण्यात दर बारला सुमारे 0.019 मोल) थेट दाबाने गुणला तर 1.9 मोल येतात. खरं उत्तर 1.1 च्या आसपास आहे. फ्युगॅसिटी गुणांक (खरा वायू आदर्शापासून किती ढळतो ते सांगणारा, दाबाला गुणायचा आकडा) इथे साधारण 0.6 असतो, आणि विरघळलेल्या वायूच्या आंशिक मोलर आकारमानामुळे (एक मोल वायू द्रावणात व्यापतो ती जागा, सुमारे 33 घन सेंमी) आणखी दहा-बारा टक्के घट होते. दोन्ही दुरुस्त्या करा, एकीवर भागत नाही.

तापमान चढलं की वायूच्या बाजूची वाफही मोजा. 150 अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब 4.76 बार आहे. एकूण दाब 20 बार असेल तर जवळपास चौथा हिस्सा वाफेचा. मिठाने तो थोडा उतरतो, पण नाहीसा होत नाही. शिवाय 25 अंशांचा स्थिरांक व्हान्ट हॉफच्या सरळ रेषेने (स्थिरांकाचा लॉग विरुद्ध 1 भागिले तापमान) इथवर ओढू नका, कारण याच पट्ट्यात विद्राव्यतेचा कल फिरतो. त्यापेक्षा दुआन-सुन मॉडेल (2003) घ्या: 273 ते 533 केल्विन, 2000 बारपर्यंत, सोडियम क्लोराइड 4.3 मोलॅलपर्यंत.

पेंग-रॉबिन्सन (दाब, आकारमान आणि तापमान जोडणारं अवस्था-समीकरण) वापरत असाल तर जलीय आणि वायू प्रावस्थेला पाणी-वायू जोडीचा एकच परस्परक्रिया गुणांक लावू नका. सोराइडे-व्हिट्सन (1992) दोन वेगळे घेतात आणि जलीय गुणांक क्षारतेनुसार बदलतात.

द्रावणात बायकार्बोनेट किंवा चुनखडी असेल, तर मोजलेला एकूण कार्बन म्हणजे विरघळलेला वायू नव्हे. मॉडेलची तुलना त्याच्याशी करायची असेल तर आधी पीएच लावून आयन वेगळे काढा.