बाटल्यांच्या काचेचं काँक्रीट: या चुका टाळा

गोव्यात बिअरच्या आणि फेणीच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही, नदीची रेती मात्र दुर्मीळ झाली आहे. त्यामुळे काच फोडून रेतीऐवजी वापरायची कल्पना लगेच पटते. कल्पना उत्तमच आहे. किनाऱ्यावर पाय कापणारी काच पेव्हर ब्लॉकमध्ये गेलेली केव्हाही बरी. पण घोटाळा होतो तो बहुतेकदा कणांच्या आकारात.

बाटलीच्या काचेत साधारण ७० टक्के सिलिका असते. सिमेंटमधल्या अल्कलीशी (क्षारांशी) तिची प्रक्रिया होऊन जेल तयार होतं; ते पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे पाडतं. हा धोका एक-दोन मिलिमीटरच्या कणांत, म्हणजे नेमका रेतीएवढ्या काचेत, सर्वांत मोठा. तीच काच ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरेल इतकी दळली, तर ती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जुळून ताकद वाढवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती सुकत नाहीत, जेलला पाणी आयतंच मिळतं. म्हणून इथे मी तरी भुकटीचाच आग्रह धरेन. जाड कण घालायचेच असतील तर सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने) बदला आणि मोर्टार बारची, म्हणजे त्याच काचेच्या मिश्रणाच्या छोट्या कांडीची, चाचणी आधी करून घ्या. ८० अंश सेल्सिअसच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात १४ दिवसांनी कांडीचं प्रसरण ०.१० टक्क्याच्या आत हवं.

बाटल्या न धुता दळू नका. शीतपेयाची साखर सिमेंटचं सेटिंग लांबवते. ॲल्युमिनियमची झाकणं राहिली तर हायड्रोजन सुटून काँक्रीटमध्ये पोकळ्या होतात. किनाऱ्यावरून वेचलेल्या काचेला मीठ चिकटलेलं असतं, ते सळया गंजवतं. ट्यूबलाइट आणि जुन्या टीव्हीची काच तर पूर्णपणे वगळा. त्यात पारा आणि शिसं असतं.

काच पाणी शोषत नाही. सवयीने रेतीएवढंच पाणी ओतलं की ते वर तरंगतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. सिमेंटऐवजी भुकटी १० ते २० टक्केच ठेवा. २८ दिवसांच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) ताकद कमी भरली म्हणून लगेच मिश्रण बाद करू नका. ही भुकटी सावकाश काम करते. ५६ आणि ९० दिवसांचे क्यूबही तोडून पाहा, आणि क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, आखडू नका.

तडे दिसलेच तर आधी त्यांचं वय पाहा. ओतल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पडलेले तडे बहुधा लवकर सुकल्याचे. एक-दोन पावसाळ्यांनंतर नकाशासारखं जाळं उमटलं, कडा ओलसर दिसल्या, भेगेतून पांढरट चिकट द्रव आला, तर दोष काचेचा असू शकतो. त्यावर गिलावा करून उपयोग नाही. पाण्याचा निचरा सुधारा, तडकलेले ब्लॉक बदला. स्लॅब आणि खांबांत हे मिश्रण स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मंजुरीशिवाय वापरू नका.