सणाचा कोशेर स्वयंपाक : या चुका टाळा

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील यहुदी समाजाच्या, घरांतील सणाचे जेवण चवीने कोकणी असते. नारळाचे दूध, कोकम, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर यांवर ते उभे असते आणि कोशेर, म्हणजे यहुदी आहाराच्या, नियमांशी या चवीचे मुळातच चांगले जुळते. तरीही ऐन सणाला घोटाळे होतात, कारण पदार्थांची यादी आधी ठरते आणि जेवण मांसाचे की दुधाचे, शेवटची आच कधी लावता येईल, हे प्रश्न मागून आठवतात. आधी या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि मगच पदार्थ ठरवावेत.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोराह या यहुदी धर्मग्रंथात तीनदा आली आहे, म्हणून मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येत नाहीत. मटणात मलई घालण्याचा विचार या घरांत कोणाच्या मनातही येत नाही, पण लपलेले दूध मात्र सहज निसटून येते. बिर्याणीच्या मटणाला चोळलेले दही, वाफाळत्या भातावर सवयीने सोडलेले चमचाभर तूप, कणीक मऊ व्हावी म्हणून घातलेले दूध, बाजारातून ऐनवेळी आणलेली बर्फी, अशा वाटांनी संपूर्ण जेवण बिघडते. मटण मुरवण्यासाठी लिंबू किंवा चिंच वापरावी, कांदा तेलात तळावा आणि गोडाचा पदार्थ नारळाच्या दुधात करावा. सर्वांत जास्त विसरला जातो तो दुपारचा चहा. मांसाच्या जेवणानंतर दुधासाठी अनेक घरांत सहा तास थांबतात. म्हणून पाहुण्यांसाठी गवती चहा घालून कोरा चहा करण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

मांसाचा रस्सा नारळाच्या दुधाने पांढरट दिसत असेल, तर वर थोडे ओले खोबरे पेरून वाढावे. बदामाच्या दुधात मांस शिजवले तर पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत, अशी सूचना सोळाव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्रात आहे, आणि ती आपल्या रश्शालाही चपखल लागू पडते. रस्सा फाटत असेल तर दाट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर घालावे आणि नंतर त्याला खळखळून उकळी येऊ देऊ नये.

मांस खारट होते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. शोहेतने, म्हणजे धर्मनियमांनुसार जनावर कापणाऱ्याने, कापलेल्या मांसातील रक्त काढण्यासाठी ते अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर मिठात ठेवून, नंतर तीनदा स्वच्छ धुतात. येथे बारीक मीठ वापरले तर ते विरघळून आत मुरते. मध्यम जाडीचे, खडबडीत मीठ घ्यावे आणि रक्त निथळून जाईल अशा उतरत्या पाटावर किंवा जाळीवर तुकडे ठेवावेत. त्यानंतर रश्शात नेहमीच्या अंदाजाने मीठ घालू नये; शिजल्यावर चव घेऊन मगच घालावे. कलेजीला मात्र ही पद्धत पुरत नाही, ती उघड्या आचेवरच भाजावी लागते. गोठवलेले मांस पूर्ण सुटल्याशिवाय मिठात घालू नये.

मासळीचा नियम सोपा आहे. पर आणि खवले दोन्ही असलेला मासा चालतो. पापलेट, रावस आणि बांगडा यांना हरकत नाही, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि मोरी वर्ज्य. अंडी मात्र एकेक करून वाटीत फोडून पाहावीत आणि रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे टाकून द्यावे.

रोश हशाना या यहुदी नववर्षाला, म्हणजे जुन्या मराठी नावाने नव्याच्या सणाला, चिकाचा हलवा हवाच. याच पदार्थात वेळेचे गणित सर्वाधिक चुकते. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून गाळायचे आणि चीक तळाशी बसल्यावर वरचे पाणी ओतून द्यायचे, यात काही दिवस जातात. पाणी बदलण्यात आळस केला तर आंबट वास येतो आणि तो साखरेने झाकत नाही. चीक आधी गार नारळाच्या दुधात कालवून मगच पातेले आचेवर ठेवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. हलवा कडा सोडून एकसंध गोळ्यासारखा फिरू लागेपर्यंत ढवळणे थांबवू नये. तो थापल्यावर न धरण्याचे कारण बहुधा एवढेच असते की हात दुखू लागल्याने तो लवकर उतरवलेला असतो.

२०२६ मध्ये रोश हशानाचा पहिला दिवस १२ सप्टेंबर, शनिवार आहे. सणाला आधीपासून पेटत्या आचेवर स्वयंपाक चालतो, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, अजिबात चालत नाही. म्हणून शुक्रवारी रात्रीचे आणि शनिवारचे सगळे जेवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शिजून तयार हवे. दुसऱ्या दिवसाची तयारीही पहिल्या दिवशी करता येत नाही, ती शनिवारी रात्र पडल्यावरच सुरू होते, आणि तीही आधीपासून तेवत असलेल्या ज्योतीवरून आच घेऊन. त्यामुळे मोठी, दीर्घकाळ जळणारी मेणबत्ती किंवा दिवा शुक्रवारीच लावून ठेवावा.

पेसाह या खमीर वर्ज्य असलेल्या सणाला घरातील पाव, पीठ आणि बिस्किटे निघून जातात, पण हिंगाची डबी मसाल्याच्या डब्यात तशीच राहते. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळे एका चिमटीने अख्खी भाजी खामेत्झ, म्हणजे पेसाहला वर्ज्य, होते. त्या आठवड्यात फोडणी जिरे आणि लसणाची करावी. सोया सॉस आणि माल्ट व्हिनेगर यांतही गहू किंवा जव असतात. वर्षभर पोळ्या भाजलेला तवा नुसता धुऊन चालत नाही; पेसाहसाठी वेगळा तवा ठेवणे सर्वांत सोपे.

भात आपल्याकडे पेसाहलाही खातात, परंतु तांदूळ ताटात पसरून तीन वेळा निवडावा, कारण त्यात गव्हाचा एखादा दाणा असू शकतो. पाहुणे अश्केनाझी, म्हणजे युरोपातील यहुद्यांच्या, परंपरेचे असतील तर त्यांच्याकडे भात आणि डाळी वर्ज्य मानण्याची रूढी आहे, हे निमंत्रण देतानाच विचारून घ्यावे आणि त्यांच्यासाठी बटाटा, मासळी व भाज्यांचे पदार्थ वेगळ्या भांड्यांत करावेत.

२०२७ मध्ये पेसाहचा पहिला दिवस २२ एप्रिल, गुरुवार आहे. भारतात सणाचे पहिले दोन दिवस पाळतात आणि लगेच शब्बाथ येतो. म्हणून शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक करता यावा यासाठी बुधवारीच एक मात्सा (बिनखमिराची पोळी) आणि एक शिजवलेला पदार्थ, उदाहरणार्थ उकडलेले अंडे, आशीर्वादाचे शब्द उच्चारून बाजूला ठेवावे लागते. या विधीला एरूव तावशिलीन म्हणतात. इस्रायलमध्ये सणाचा पहिला भाग एकच दिवस पाळला जातो, त्यामुळे तेथे त्या आठवड्यात याची गरज पडणार नाही. म्हणून लोद किंवा अश्दोदहून मावशीने फोनवर सांगितलेले वेळापत्रक मुंबई-ठाण्यात जसेच्या तसे वापरू नये.