सुरवंटातून निघालेली टॅकिनिड माशी कशी जगवावी

सुरवंट पाळणाऱ्याच्या डब्यात एक ना एक दिवस हे घडतंच. फुलपाखराची वाट पाहावी आणि तळाशी पांढऱ्या, गुबगुबीत, बिनपायाच्या अळ्या वळवळताना दिसाव्यात. बहुतेक जण किळस येऊन डबा धुऊन टाकतात. तसं करू नका. ही टॅकिनिड कुळातली माशी आहे, जिची अळी दुसऱ्या कीटकाच्या अंगात वाढते. या कुळाच्या साडेआठ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरींची अळी नेमक्या कोणत्या कीटकात वाढते हे अजून माहीत नाही. तुमच्या डब्यात ते उत्तर आयतं आलेलं असतं.

अंडं. सुरवंटाच्या डोक्यामागे, जिथे त्याचा जबडा पोचत नाही अशा जागी, पांढरा लंबगोल ठिपका घट्ट चिकटलेला दिसतो. ‘नखाने खरवडून काढा, सुरवंट वाचेल’ हा सल्ला मी ऐकून थकलो आहे. अंडं दिसतं तोवर अळी बऱ्याचदा खालच्या बाजूने थेट कातडीत शिरलेली असते. खरवडून फक्त सुरवंटाला जखम होते. आणि काही जाती बारीक अंडी पानावर घालतात, ती सुरवंट पानासकट गिळतो. तेव्हा अंगावर ठिपका नाही म्हणून सुरवंट निरोगी, असं धरून चालू नका.

खाऊ घालणं. सुरवंटाला नेहमीसारखंच, त्याच्याच झाडाची ताजी पानं.

अळी बाहेर पडणं. काही जातींत अळ्या सुरवंटातून निघतात, काहींत फुलपाखराच्या कोषातून. मोनार्क फुलपाखराच्या कोषाखाली पांढरे चिकट धागे लोंबताना दिसले की समजा, अळ्या त्यावरून खाली उतरल्या. डब्याला भोकं पाडू नका, तोंडाला बारीक विणीचं कापड बांधा. अळ्या भोकातून निसटतात.

माशीचा कोष सांभाळणं. सगळं बिघडतं ते इथे. अळी शेवटची कात टाकत नाही. तीच कात आक्रसून, कडक होऊन पिंपासारखं लालसर तपकिरी कवच बनते. निसर्गात हे बहुधा मातीत घडतं. माझे सुरुवातीचे कोष मी कोरड्या कापसावर ठेवले. माश्या आतच वाळल्या; एक निघाली, तिचे पंख चुरगळलेलेच राहिले. मग कुठेसं वाचून ओला कापूस वापरला. चार दिवसांत कोषांवर पांढरी बुरशी चढली आणि एकही माशी हाती लागली नाही. अजून लोक तोच ओला कापूस सुचवतात, याचा मला खरंच राग येतो.

जमलं ते असं. बारीक वाळू कढईत चांगली तापवून गार करा. कच्ची बागेतली माती नको, तिच्यातून बुरशी आणि माइट हे कोळ्यांच्या जातीचे इवले जीव येतात. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोकलं की फुटावा, इतकंच पाणी घाला. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं. दोन बोटं जाडीचा थर करून कोष अर्धे रुतवा, एकमेकांना न चिकटवता. कवच पूर्ण गडद झाल्याशिवाय त्यांना हातच लावू नका. पुढे पाणी द्यायचं ते डब्याच्या कडेने, थेंब थेंब. कोषावर फवारा कधीच नाही. झाकणाच्या आत दव जमलं तर ते कापडाने पुसा आणि त्या दिवशी पाणी देऊ नका.

डब्यात एक खडबडीत काडी तिरकी उभी करा, विसरू नका. माशी डोक्यातली पिशवी फुगवून कवचाचं टोपण ढकलते, वर चढते आणि मगच पंख पसरते. चढायला जागा नसेल तर इतके दिवस जपलेली माशी लुळी होते.

उष्ण हवेत साधारण दोन आठवडे लागतात. पण काही जाती प्रतिकूल ऋतूभर कोषातच झोपून राहतात, म्हणून महिन्याभरात काही हललं नाही तरी डबा फेकू नका.

नोंद. माशीला एक दिवस तशीच राहू द्या, अंग कडक होऊन रंग भरतो. पोटावरचे राठ केस आणि छातीच्या मागच्या टोकाखालचा छोटा फुगवटा पाहिला की टॅकिनिड ओळखता येते. तारीख, सुरवंटाची जात आणि झाड लिहा, रिकामं कवच माशीसोबतच ठेवा. टोपण उघडलेलं असेल तर माशीच निघाली. कडेला लहान गोल भोक असेल तर माशीला खाऊन एखादी इवली गांधीलमाशी बाहेर पडली आहे, तीही जपून ठेवा.