राणीछाप रुपया विकताय? आधी या चुका टाळा

जितकं जुनं नाणं तितकी जास्त किंमत, हा समज आधी डोक्यातून काढा. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ साल दिसलं की लोक हरखून जातात. पण १८७४ पर्यंत टांकसाळींनी तेच साल ठेवून रुपये पाडले, त्यामुळे हा रुपया आजही कितीतरी देवघरांत लक्ष्मीपूजनाला निघतो. त्याच्यापुढे जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा रुपया कालचा, पण तो मिळणं कठीण. म्हणून तर १९३८ च्या रुपयातला ८ कोरून ९ केलेले नग बाजारात फिरतात. भिंगाखाली फक्त तो शेवटचा आकडा बघा. आसपास ओरखडे असतील, किंवा आकड्याची जाडी बाकीच्यांशी जुळत नसेल, तर नाणं खाली ठेवा.

दुसरी चूक घरातच होते, आणि तिला इलाज नाही: घासणं. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, रांगोळी, जे हाताला लागेल त्याने. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळसर-निळसर थर संग्राहकाला हवा असतो. अस्सलपणाची ती एक खूण असते. घासलेला रुपया आरशासारखा चमकतो, पण तिरप्या उजेडात धरला की केसासारखे बारीक ओरखडे दिसतात आणि राणीच्या केसांची नक्षी सपाट झालेली असते. असं नाणं जाणकार चांदीच्या भावानेच घेतो. हळदकुंकू लागलं असेल तर साध्या पाण्यातून काढून टिपून घ्या, पुसू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतराने हिरवट चिकटा धरतो.

सोनाराकडे मोड म्हणून घालण्याआधी हिशेब करा. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. आणि वाघाचा १९४७ चा रुपया? तो निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटेल. तरीही ‘शुद्ध चांदी’ सांगून तो खपवणारे भेटतात.

१९११ चा रुपया सापडला तर मोडीत घालण्याची घाई नको. त्यावर राजा जॉर्ज पाचवा आहे; त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि सरकारने बरेच रुपये परत घेऊन वितळवले.

‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेला रामदरबाराचा आणा कुणी दाखवला तर हात जोडा आणि पुढे चला. कंपनीने तसं नाणं पाडलंच नाही. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात, ही त्याच्याच शेजारची थाप. आणि ‘तुमचं नाणं विकून देतो, आधी कमिशन किंवा टॅक्स भरा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ कापा. आपल्या नावाने असे पैसे मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

परदेशातल्या भाच्याला आठवण म्हणून राणीछाप द्यायचा मोह होतो. मात्र शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. भाचा इथे आला की त्याला हातात घेऊन बघू द्या, कडेने धरून.