ताण आधी शरीरात दिसतो: किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी

‘काय झालंय?’ ‘काही नाही.’ एवढ्यावर संवाद संपला की पालक एकतर खोदून खोदून विचारत बसतात, नाहीतर ‘वयच तसं आहे’ म्हणून विषय सोडून देतात. खरं तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्याला नेमकं काय होतंय ते बरेचदा स्वतःलाही सांगता येत नसतं. शरीर मात्र ते दाखवत असतं. म्हणून आधी शरीर वाचायला शिकायचं, बोलणं त्यानंतर.

वीस मिनिटांचा हिशेब

समोरून भरधाव गाडी आली काय आणि वर्गाच्या ग्रुपवर कुणी टिंगल केली काय, मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग दोन्हीकडे धोका म्हणूनच पाहतो. पुढच्या काही सेकंदांत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, तळहात घामेजतात, घशाला कोरड पडते. रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटात गोळा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने या तयारीला ‘लढा किंवा पळा’ असं म्हटलं.

दुसरा टप्पा सावकाश चालतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि मग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढू लागतं. ते कळसाला पोचतं साधारण २० ते ३० मिनिटांनी आणि ओसरायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतं. बहुतेक घरांतलं गणित चुकतं ते इथेच. वादावादी झाली, दहा मिनिटं गेली, मूल गप्प दिसतंय, म्हणून आई किंवा बाबा ‘आता शांतपणे बोलू’ म्हणत खोलीत शिरतात. त्या वेळी मुलाचं कॉर्टिसॉल अजून चढत असतं. त्यात आणखी एखादा टोमणा पडला की चक्र पहिल्यापासून सुरू.

शिवाय भावनेला आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. ऐन भडक्यात ‘जरा डोकं वापर’ म्हणणं म्हणजे जो भाग त्या घडीला मागे पडलाय, त्याच्याकडूनच काम मागणं.

सगळा ताण वाईट नसतो. थोड्या ताणाने लक्ष एकवटतं. मात्र १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की काम जितकं अवघड, तितक्या कमी ताणातच कामगिरी ढासळू लागते. आरडाओरडा करून कपाट आवरून घेता येईल. बीजगणित सुटणार नाही.

चौदा दिवसांची नोंद

एका वहीत रोज पाच गोष्टी लिहा: झोपेची व उठण्याची वेळ, डोकं किंवा पोट दुखलं का आणि किती वाजता, जेवण किती गेलं, कोणत्या वेळी चिडचिड किंवा रडू आलं, आणि दिवसाचा ताण ० ते १० मध्ये किती. शेवटचा आकडा मुलाने स्वतः द्यायचा. वही मुलाला सांगूनच ठेवा. गुपचूप ठेवलेली नोंद कधीतरी सापडतेच, आणि मग बोलण्याचं दार महिनोनमहिने बंद होतं.

दोन आठवड्यांत आकार दिसू लागतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुटीच्या दिवशी नाही, तर ताणाचा संशय घ्यावा. तरीही ते दुखणं खरं असतं, नाटक नसतं. जबडा आवळल्याने कानशिलं दुखतात, झोपेत दात खाल्ले जातात, मान-खांदे आखडतात, मुरमं वाढतात. केस गळणं दोन-तीन महिने उशिरा सुरू होतं. त्यामुळे परीक्षा संपून सगळं सुरळीत असताना केसांचे पुंजके हातात येतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मुलींची पाळी लांबते, कारण मेंदूकडून बीजांडकोशांकडे जाणारे संकेत मंदावतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं ती अनियमित असू शकते. पण सलग तीन महिने चुकली तर डॉक्टरांना दाखवा. पाठ केलेलं ऐन पेपरात आठवत नाही आणि बाहेर पडल्यावर लख्ख आठवतं, यामागेही कॉर्टिसॉल आहे: स्मरणाचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर त्याचा थेट परिणाम होतो.

एक इशारा. सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होऊ नका. झोपेतून उठवणारी पोटदुखी, शौचातून रक्त, उतरत जाणारं वजन, रेंगाळणारा ताप, सकाळी उठताच उलटीसह होणारी डोकेदुखी, अंधूक दिसणं यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, ताणाचा विचार मागाहून.

भडका उडाल्यावर

पहिली ३० ते ४० मिनिटं उपदेश नको, प्रश्न नको, शिक्षा जाहीर करणं तर नकोच. ‘मी बाहेरच्या खोलीत आहे, तासाभराने बोलू’ एवढं सांगा आणि तासाभराने खरोखर जा. पाणी, थोडं चालणं, थंड पाण्याने तोंड धुणं, एवढं पुरतं.

श्वासाची पद्धत अशी: नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्या, ६ अंक मोजत सोडा. म्हणजे एका मिनिटात साधारण ६ श्वास. हे ५ मिनिटं. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. चूक होते ती ‘खोल श्वास घे’ या सूचनेमुळे. मुलं मोठमोठे, भराभर श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरणं वाढतं. श्वास लहान असला तरी चालेल, संथ हवा. आणि हे शांत दिवशी, रोज, आठवडाभर करून घ्या. पहिल्यांदाच भर घाबरलेल्या अवस्थेत शिकवायला गेलात तर वही तोंडावर येईल.

ज्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की अस्वस्थ वाटतं, त्यांच्यासाठी स्नायू सैल करण्याची पद्धत बरी. ती १९२० च्या दशकात एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांमुळे माहीत झाली. मुठी, हात, खांदे, चेहरा, पोट, मांड्या, पोटऱ्या या क्रमाने एकेक भाग ५ सेकंद आवळायचा आणि १५ ते २० सेकंद सैल सोडायचा. पूर्ण ताकद लावू नये. पोटरीत गोळा येतो.

झोप

इतर सगळे उपाय झोपेवर उभे आहेत. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. पौगंडावस्थेत झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक तास-दोन तास उशिरा वाढू लागतं, म्हणून नऊ वाजता ‘झोप’ म्हणून झोप येत नाही. तो आळस किंवा हट्ट नव्हे. धाकापेक्षा हे करून पाहा:

- उठण्याची वेळ पक्की करा. सुटीच्या दिवशी जास्तीत जास्त एक तासाची सूट.
- झोपेची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम दोन तास ओढल्यास मूल छताकडे बघत पडून राहतं आणि अंथरुणाचीच धास्ती घेतं.
- फोन रात्री खोलीबाहेर चार्ज होऊ द्या, पालकांचाही. गजराला साधं घड्याळ ठेवा.
- दुपारनंतर कॅफीन नको. ते निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात; संध्याकाळी पाचला घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी ५० रात्री दहालाही अंगात असतात.

दिवसाकाठी ६० मिनिटं अंग हलेल असा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना या वयाला सुचवते. तो एका दमातच हवा असं नाही, तीन तुकड्यांतही चालेल. स्पर्धेचा सराव मात्र यात आपोआप धरू नका. काहींसाठी ताणाचं मूळच तिथे असतं.

बोलणं

समोरासमोर बसवून केलेली चर्चा चौकशीसारखी वाटते. शेजारी चालताना, भांडी पुसताना, गाडीत बसून जाताना मुलं जास्त बोलतात. सुरुवात दिसलेल्या गोष्टीने करा: ‘या आठवड्यात तीनदा ताटात अर्धं जेवण राहिलं. काही साचलंय का?’ उत्तर आलं की विचारा, ‘मी नुसतं ऐकू, की मिळून काही मार्ग काढू?’ ‘आमच्या वेळी’ हे शब्द गिळून टाका.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे प्रेमापोटी दिलेली सुटका. शाळेच्या भीतीने पोट दुखलं, घरी ठेवलं, दहा वाजता दुखणं थांबलं. शरीराने धडा घेतला: टाळलं की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी भीती थोडी मोठी असते. जबरदस्तीने ढकलणं हाही उपाय नाही. पायऱ्या करा: दोन दिवस शाळेच्या फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुटीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. शाळेतल्या एका विश्वासू शिक्षकाला हा आराखडा आधी सांगून ठेवा. छळ किंवा मारहाण हे कारण असेल तर पायऱ्या बाजूला ठेवून आधी ती थांबवा.

घरचे उपाय कधी पुरेसे नाहीत

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, आवडत्या गोष्टींवरून उडालेलं मन, बिघडलेली झोप-भूक, मित्रांपासून तुटणं असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जा. अंगावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसलेलं बरं’ अशी वाक्यं, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं यांपैकी काहीही आढळलं तर त्याच दिवशी. थेट विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात घाला आणि तातडीच्या सेवेशी संपर्क करा.

डॉक्टरांकडे जाताना चौदा दिवसांची वही, चालू औषधांची यादी आणि मुलींच्या बाबतीत शेवटच्या पाळीची तारीख सोबत न्या. आणि तपासणीतली काही मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. तुम्ही आपणहून उठून बाहेर बसा.