कबाडीवाल्याला प्लॅस्टिक देताय? मग असं द्या

आमच्या नाल्याकाठी अधूनमधून काळा धूर निघतो. गावभर फिरून गोळा केलेल्या कबाडातलं जे पुढं विकल्या जात नाही ते तिथं जळून राहिलं असतं. आता कबाडीवाल्याला शिव्या घालून काय फायदा बावा, आपणच खरकटं, माती, ओल, सगळं एका चुंगडीत कोंबून देतो, मग तो धुवायला नाल्यावरच जाणार ना.

तर पहिले घरी दोन चुंगड्या टांगा, एक डब्बे-बाटल्यांची अन् एक पन्न्यांची. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबकळत राहू द्या, कारण तो चिटुकला तुकडा कोणी उचलत नाही. पिशवी विसळून दोरीवर चिमट्याने वाळवा, पाणी झाडाला टाका. उकिरड्यावर खरकट्यासंगं पन्नी फेकाल तर ढोरं पन्नीसकट खातात.

मग प्लॅस्टिकची जात ओळखा. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो: १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे जाड डब्बे-कॅन, ३ पीव्हीसी म्हणजे पाइपाचं प्लॅस्टिक, ५ झाकणं वगैरे. आकडा घासून गेला असेल तर तुकडा कापून बकेटीत पाण्याखाली दाबा अन् सोडा. झाकण, ठिबकची नळी, खताच्या चुंगडीचा तुकडा वर येतो, पाण्याची बाटली अन् पीव्हीसी पाइप बुडी मारतात. हे दोन्ही बुडणारे मात्र एकत्र देऊ नका, बाटलीच्या मालात थोडं जरी पीव्हीसी गेलं तरी वितळवताना सगळा माल नासतो.

मोटरची जुनी केबल तांब्यासाठी जाळायची सवय तर लय वाईट. वरचं आवरण पीव्हीसीचं असते, जळालं की आम्लाचा वायू अन् डायॉक्सिन नावाचं विष निघते, घसा धरतो तो त्यानेच. चाकूने उभी चीर देऊन सोला, तासभर जातो पण तांबं चकाकतं राहते अन् जळक्या तांब्यापेक्षा भावही जास्त मिळतो.

फवारणीच्या बाटल्या कबाडात अजिबात नाही! कोणीतरी धुवून त्यात तेल भरते. रिकामी झाली की लगेच वावरातच तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, बुडाला भोक पाडा अन् वेगळी कुलपात ठेवा. कृषी केंद्रवाला परत घेत असेल तर त्याला द्या.

राहिले चिप्स-गुटख्याचे पाकिटं, त्यात थरावर थर असतात म्हणून कबाडीवाला घेत नाही. ते ग्रामपंचायतीकडे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक कचऱ्याचं युनिट ठरलेलं आहे, आपल्या गावचं तिथं जाते का हे ग्रामसेवकाला विचारा, अन् विचारायचंच तर ग्रामसभेत, चार लोकांसमोर.

कबाडीवाला आला की वजनकाटा लावायच्या आधीच विचारा, "भाऊ, यातलं काय फेकून देशील?" तेवढं काढून घरीच ठेवा.